थोरली आणि धाकटी

आमच्या घरात तीन बंदुका होत्या असं मी हॉस्टेलवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा रूममेटने विचारलं, "तुम्ही डाकू की जमीनदार?" दोन्ही नाही. आम्ही वडोदऱ्याचे. मूळचे वसईचे, पण पणजोबा गायकवाडांच्या रेल्वेत फिटर म्हणून गेले आणि तिथलेच झाले. वडोदऱ्यातले मराठी म्हटलं की लोकांना दांडिया बाजारातले वाडे आणि सरदार घराणी आठवतात. मराठी बोलणारे कॅथलिक, तेही गुजरातेत, आणि वर बंदूकवाले, हे गणित कुणाच्याच डोक्यात बसत नाही. मीही आता समजावत बसत नाही.

तीनपैकी एक खरं तर रिव्हॉल्व्हर. पॉइंट बत्तीसचं, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं. आजोबांचं मकरपुरा जीआयडीसीत छोटं वर्कशॉप होतं (आता पप्पा चालवतात). पगाराच्या दिवशी बँकेतून रोकड आणायची असायची, त्यासाठी ते घेतलेलं. त्याच्याबद्दल घरात कुणालाच काही वाटत नसे. स्कूटर असते तसं ते होतं. उरलेल्या दोघींना मात्र नावं होती. थोरली आणि धाकटी.

दोघीही बारा बोअरच्या, दोन नळ्या शेजारी शेजारी असलेल्या, दोघी बर्मिंगहॅमच्या. दोघींचं वजन तीन-सव्वातीन किलो, दोघींना दोन-दोन चाप, बाहेर घोडा दोघींनाही नाही. कपाटातून काढून पलंगावर ठेवल्या तर पाहुण्यांना ओळखू यायच्या नाहीत. मला लहानपणी एकच खूण शिकवली होती. थोरलीची सेफ्टी कुंद्याच्या डाव्या बाजूला, धाकटीची वर, अंगठ्याखाली. थोरली डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरची. बाजूला सेफ्टी ही त्या घराण्याची सवयच. धाकटी वेब्ली अँड स्कॉटची. बंदूकवाल्या लोकांशी बोलायची वेळ आली तर ही दोन नावं उच्चारा, ते लगेच चहा मागवतात.

खरा फरक नळ्यांत. धाकटीच्या नळ्या सरळ पोलादाच्या. थोरलीच्या नळ्या दमास्कसच्या. म्हणजे लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र तापवायच्या, त्यांना पीळ द्यायचा, मग तो पीळ एका गजाभोवती गुंडाळत न्यायचा आणि सांधे ठोकून एकजीव करायचे. उजेडात तिरपी धरली की नळीभर बारीक लाटा दिसतात, जुन्या पुस्तकांच्या आतल्या कागदावर असतात तशा. दिसायला सुंदर, पण ती नळी म्हणजे टोकापासून टोकापर्यंत सांधेच सांधे. काळ्या दारूच्या जमान्यात ते चालायचं. नंतर बिनधुराची दारू आली, तिच्या दाबाची तऱ्हा वेगळी. एखाद्या सांध्यात आतून गंज धरला असेल तर बाहेरून कळत नाही आणि नळी फुटते ती धरणाऱ्याच्या डाव्या हाताशी. शिवाय जुन्या बंदुकांचं काडतुसाचं घर आखूड, अडीच इंची. आजचं पावणेतीन इंची काडतूस त्यात व्यवस्थित बसतं, फसवतं ते तिथेच. उडाल्यावर त्याचं मुडपलेलं तोंड उलगडायला पुढे जागा नसते आणि दाब आणखी वाढतो. बर्मिंगहॅमला १८१३ पासून बंदुका तपासून शिक्का मारणारी संस्था आहे. धाकटीवर तिचा नव्या दारूचा शिक्का आहे. थोरलीवर नाही.

थोडक्यात, एक उडवायची आणि एक ठेवायची. आजोबांनी थोरलीत काडतूस घातलेलं कुणी पाहिलं नाही. धाकटी मात्र चालायची. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, त्याआधीच्या गोष्टी आजोबा फारशा सांगत नसत. पण पप्पा आणि काका लहान असताना, ख्रिसमसच्या रात्री रोझरी कॅथेड्रलमधली मिस्सा झाली की सगळे वाघोडिया रोडच्या शेतावर जात आणि आजोबा धाकटीतून दोन बार काढत. खडकीच्या कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसं. पप्पा सांगतात, पहिल्या बाराला कुत्री भुंकायची आणि दुसऱ्याला गप्प व्हायची. मी तो आवाज कधी ऐकला नाही. माझ्या जन्माआधीच ते थांबलं होतं, आणि आता तर आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडणं हा कायद्याने वेगळा गुन्हाच आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

थोरली घरात आली ती मोडक्या अवस्थेत. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि एका सरदारांच्या वाड्यातलं सामान हळूहळू बाहेर पडू लागलं. पणजोबा त्यांच्याकडे कुलपं, घड्याळं, पंप असं काहीबाही दुरुस्त करायला जात. कुंदा दुभंगलेली ही बंदूक त्यांनी मजुरीच्या बदल्यात घेतली की पैसे देऊन, यावर आमच्याकडे दोन मतं आहेत. रीतसर लायसन्स काढलं एवढं नक्की, कागद आहे. आणि मग प्रतापनगरला, सुट्टीच्या दिवशी, शिसवाचा एक तुकडा तासून त्यांनी स्वतः नवा कुंदा बसवला. मूळचा अक्रोडाचा असणार. हा जास्त काळा आहे, जड आहे, आणि गाल टेकतो तिथे किंचित फुगीर आहे, कारण पणजोबांचा चेहरा बारीक होता. एका बारीक चेहऱ्याच्या फिटरच्या मापाची ती ग्रीनर झाली.

आता कायद्याकडे येते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत. डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. आधी सरकारच्या विधेयकात एकच ठेवा असं होतं, ओरड झाली, मग दोन ठरल्या. ज्यांच्याकडे जास्त आहेत त्यांनी कुठल्याही दोन ठेवायच्या, बाकीच्या १३ डिसेंबर २०२० पर्यंत पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सधारक डीलरकडे जमा करायच्या. वारसाने आलेल्या असोत, आजेसासऱ्यांच्या असोत, आकडा दोन. मला हा कायदा वाईट वाटत नाही. देशात बंदुका कमी असाव्यात असंच माझं मत आहे आणि ते थोरलीकडे बघूनही बदललेलं नाही. पण कायद्याच्या पुस्तकात बंदूक म्हणजे बंदूक. उडणारी, न उडणारी, पणजोबांनी तासलेली, सगळ्या एकेक.

त्यात २०२० साल. सगळे घरात. मी सोळा वर्षांची, माझी शाळा मोबाइलवर, आणि जेवणाच्या टेबलावर रोज हा एकच विषय. रिव्हॉल्व्हर राहणार हे गृहीत होतं. म्हणजे थोरली की धाकटी.

पप्पांनी आधी भाव काढला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही, त्यामुळे देशात ज्या इंग्लिश बंदुका आधीच आहेत त्याच फिरतात आणि महाग होत जातात. टेक्सासमध्ये पप्पांचा आतेभाऊ आहे, त्याने व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडची गंमत सांगितली. अमेरिकेत मे १९८६ नंतर नोंदलेली मशीनगन नागरिकांना घेता येत नाही. म्हणून त्याआधीच्या नोंदलेल्या सबमशीनगन, दुसऱ्या महायुद्धातल्या थॉम्पसन वगैरे, घराच्या किमतीकडे चालल्या आहेत. थॉम्पसनची एम-१ आणि एम-१-ए-१ ही दोन मॉडेलं बाहेरून जवळजवळ सारखी. आत फायरिंग पिन एकीत सुटी, दुसरीत बोल्टलाच घडवलेली. एवढ्यावर तिथले लोक तासन्‌तास भांडतात की कुठली रेंजवर न्यायची आणि कुठली कापडात गुंडाळून ठेवायची. कधीच न उडवलेल्या बंदुकीला ते तिजोरीतली राणी म्हणतात. काका म्हणाले, "सबमशीनगन? पोलिसांचं खेळणं घरात?" आपल्याकडे स्वयंचलित शस्त्र नागरिकाकडे सापडलं तर गजाआडच जावं लागतं, त्यामुळे हा सगळा प्रकार आमच्या टेबलावर परीकथेसारखाच ऐकला गेला. पण भांडण मात्र तेच होतं, फक्त आमचं स्वस्तातलं.

डीलरने दोघी पाहिल्या. धाकटीला सहज गिऱ्हाईक मिळेल म्हणाला. नळ्या स्वच्छ, कुलूप घट्ट, आणि नीलगायींनी हैराण झालेले शेतकरी लायसन्स घेऊन फिरतायत. थोरली त्याने बराच वेळ हातात धरली, लाटा बघितल्या, ग्रीनरचं नाव बघितलं, आणि मग कुंद्यावर बोट आपटलं. "आ ओरिजिनल नथी." आणि भाव निम्म्यावर आणला. संग्राहकाला सगळं मूळचं लागतं. उडवायची म्हटलं तर नळ्या नकोत आणि ठेवायची म्हटलं तर कुंदा नको, अशी तिची अवस्था.

मग पक्ष पडले. काका म्हणाले, धाकटी ठेवा, जी चालते ती बंदूक, दुसरी काठी. पप्पा म्हणाले, धाकटी विका, तिचे पैसे येतील, थोरलीचे नाहीतच येणार तर राहू दे. आत्या सिस्टर आहे, आणंदजवळच्या कॉन्व्हेंटमधून तिने फोनवर यशयाच्या तलवारी आणि नांगराच्या फाळांची आठवण करून दिली आणि म्हणाली, दोन्ही द्या. आजोबांनी विचारलं, "आणि रिव्हॉल्व्हर?" ती म्हणाली, "तेही." या घरात सुसंगत बोलणारी ती एकटीच.

त्या दिवसांत मी वडोदऱ्याच्या इतिहासावर शाळेसाठी प्रकल्प करत होते, आणि तिथेही मला एक थोरला-धाकटा भेटला. खंडेराव महाराजांनी चांदीच्या तोफा करवून घेतल्या. त्यांच्या धाकट्या भावाला, मल्हाररावांना, कटाच्या संशयावरून त्यांनी पादऱ्याला कैदेत ठेवलं होतं. १८७० मध्ये खंडेराव वारले, मल्हारराव पादऱ्याहून थेट गादीवर आले, आणि त्यांनी सोन्याच्या तोफा करवल्या. भावाच्या चांदीवर सोनं. त्या तोफा शत्रूवर डागायला नव्हत्याच, मिरवणुकीत सजवलेल्या बैलांनी ओढायला होत्या. पाच वर्षांच्या आत रेसिडेंट कर्नल फेअरवर विषप्रयोग केल्याचा आरोप झाला, चौकशी आयोग बसला, आयोगातले इंग्रज आणि हिंदी सदस्य यांचं एकमत झालं नाही, तरी १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला पाठवलं. मग जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याहून गोपाळराव दत्तक आणले, ते आपले सयाजीराव. बडोद्याला एकवीस तोफांची सलामी होती. हैदराबाद, म्हैसूर, आणि पुढे ग्वाल्हेर, काश्मीर, एवढ्यांनाच तो मान. किती बार उडतात यावर कोण किती मोठा हे ठरायचं. न मारता उडवायच्या तोफा, हा प्रकार संस्थानांना उत्तम समजला होता.

आणि एक तोफ तर आमच्या पणजोबांच्या कारखान्याच्या शेजारीच, प्रतापनगरच्या रणमुक्तेश्वर मंदिरात. देवदिवाळीला नरसिंहजींचा वरघोडा निघतो, तुळशीशी लग्न लावायला. त्या वरघोड्याला या तोफेची सलामी द्यायची प्रथा होती. नव्वदच्या दशकात तोफ उडताना माणसं जखमी झाली आणि सलामी बंद झाली. मग अर्ज, कोर्ट, तारखा. मी लहान असताना वरघोडा पाहायचे तो बिनआवाजाच्या तोफेचा. मला तेव्हा वाटायचं, ठेवली आहे ना नीट, फुलं वाहतात, बस झालं की. पण भांडणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. देवाच्या लग्नात तोफ उडत नसेल तर ती तिथे असण्याचा अर्थ काय? आणि ज्यांना लागलं त्यांच्या घरच्यांना विचारलं तर ते दुसरंच सांगतील, तेही खरं. मी हे आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "तोफेला निदान कुणी कोर्टात जाणारं आहे."

४ डिसेंबर २०२०. संत बार्बराचा दिवस. तोफखान्यातल्यांची, खाणीत काम करणाऱ्यांची, अवचित मरण येऊ शकणाऱ्या सगळ्यांची ती संत. पणजोबांच्या खोलीत तिची तसबीर होती, अजून आहे. आजोबांनी तिच्यापुढे मेणबत्ती लावली. आत्याने फोनवर सांगितलं की १९६९ सालीच रोमने तिचं नाव सर्वसाधारण दिनदर्शिकेतून काढलंय. आजोबा म्हणाले, "लायसन्स गेलं म्हणून सांभाळायचं सोडायचं का?" आणि त्याच सुरात पुढे, "धाकटी द्या. तिला कुठेही घर मिळेल. हिला कोण विचारतंय?"

लग्नाच्या मुलींबद्दल बोलावं तसं. काका रागावले, दोन दिवस जेवायला आले नाहीत. पप्पांचं म्हणणंच झालं होतं, पण कारण त्यांचं नव्हतं, त्यामुळे तेही खूश नव्हते.

द्यायच्या आदल्या रात्री आजोबांनी धाकटी मोडून घेतली, म्हणजे उघडली, आणि नळ्या ट्यूबलाइटकडे धरून मला आतून बघायला लावलं. आत उजेडाची वर्तुळं असतात, एकात एक, पार लांबवर. त्यांनी तेल लावलं, पुसलं, काडतुसं मोजली. बार काढायचा विषय कुणीच काढला नाही. सकाळी पप्पांबरोबर डीलरकडे गेले, पावती आणली, लायसन्सवर नोंद झाली. पुढच्या वर्षी ती पादरा तालुक्यातल्या कुणा शेतकऱ्याकडे गेली असं कळलं. मल्हाररावांच्या पादऱ्याला. यात काही अर्थ नाही, पण मला आवडलं.

आजोबा २०२३ मध्ये गेले. लायसन्स माणसाबरोबर संपतं. थोरली आणि रिव्हॉल्व्हर तेव्हापासून डीलरकडे जमा आहेत, महिन्याचं भाडं भरून. पप्पांनी रिव्हॉल्व्हरसाठी अर्ज केला, त्यांना दुसरी नको. दर पाच वर्षांनी नूतनीकरण, पोलीस चौकशी, आणि प्रत्येक निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यात नेऊन जमा करायची आणि निकालानंतर आणायला जायचं. आजोबा निवडणुका अशाच मोजायचे. पप्पांना तेवढा वेळ नाही आणि त्यांचं चूकही नाही.

शस्त्राचं लायसन्स एकवीस पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. मला या वर्षी झाली. पप्पा म्हणाले, "थोरली हवी असेल तर तुझ्या नावावर कर. नाहीतर मी डीलरला सांगून टाकतो. पण मग विचारू नकोस." विचार करायला दिवाळीची सुट्टी दिली.

मी आत्याला फोन केला. तिने तलवारी आणि फाळ काढले नाहीत. एवढंच विचारलं, "तुला ती बंदूक म्हणून हवी की कुंदा म्हणून?" मी म्हटलं, कुंदा म्हणून. "मग कुंदा काढून घे आणि बाकीची देऊन टाक." मी दोन दिवस खरंच त्याचा विचार केला. शिसवाचा एक तुकडा भिंतीवर, ना लायसन्स ना आचारसंहिता. पण पणजोबांनी तो कुंदा भिंतीसाठी तासला नव्हता. तो त्या लोखंडाला बसेल असा तासला होता, मिलिमीटर-मिलिमीटर कानशीने. खांद्याला लावली की दोन्ही मिळून एक होतात, हे मला माहीत आहे कारण आजोबांनी एकदा, रिकामी, मला लावून दाखवली होती. माझाही चेहरा बारीक आहे.

अर्ज केलाय. अर्जाबरोबर सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. त्यात बंदूक उचलणं, ठेवणं, कुलपात ठेवणं हे तर आहेच, पण नेम धरून उडवणंही शिकवतात. म्हणजे जी कधीच उडवायची नाही ती ठेवण्यासाठी मला आधी दुसरी कुठली तरी उडवावी लागणार. जानेवारीच्या बॅचला नाव दिलंय. प्रिलिम्स मध्ये येऊ नयेत एवढंच.

शस्त्र कशासाठी हवं, अशी अर्जात जागा आहे. अर्ज भरून देणारा एजंट म्हणाला, स्वसंरक्षण लिहा मॅडम, पटकन सरकतं. थोरलीने कुणाचं संरक्षण करायचं तर आधी तिच्या नळ्यांपासून त्याला वाचवावं लागेल. मी 'वारसा' लिहिलं. एजंटने मान हलवली, फाइलवर शिक्का मारला आणि सांगितलं, पोलीस घरी येतील चौकशीला, तेव्हा वडोदऱ्यात हजर राहा.